वरचा बर्फ, खालचं तळं

हेलिकॉप्टर बर्फावर टेकलं तरी पायलट लगेच इंजिन बंद करत नाही. आधी हळूहळू वजन टाकून बघतो, खालचा बर्फ दम धरतोय ना. त्या दोन मिनिटांत मी जीव मुठीत धरून बसले होते. माझं खरं काम खोऱ्यातल्या ऑफिसात, संगणकापुढे बसून नद्यांना किती पाणी येईल याचा अंदाज काढायचं. डोंगरावरचा बर्फ मोजायला जाणारा सहकारी आजारी पडला म्हणून मला वर जावं लागलं.

2023 च्या मेचा पहिला आठवडा. कॅलिफोर्नियातला सिएरा नेवाडा पर्वत, त्याचा दक्षिण भाग, दहा हजार फुटांच्या आसपासचं एक कुरण. कुरण नुसतं नावाला, गवताचं पातं दिसत नव्हतं. दर वर्षी ठरलेल्या जागीच मोजायचं असतं, म्हणून झाडाच्या बुंध्यावर उंच खुणेची पाटी ठोकलेली असते. बरोबरचा सिनियर म्हणाला, एरवी ती मान वर करून बघावी लागते. त्या दिवशी ती माझ्या गुडघ्याला लागत होती.

स्नो सर्व्हेचं, म्हणजे या बर्फमोजणीचं, हत्यार म्हणजे ॲल्युमिनियमची नळी. अडीच-अडीच फुटांचे तुकडे एकमेकांत पिळून जोडायचे, खालच्या टोकाला दातेरी कडं. नळी बर्फात उभी घुसवायची, जमीन लागली की वर ओढायची आणि आतल्या बर्फासकट काट्याला टांगायची. ही पद्धत बसवली जेम्स चर्च यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. गंमत म्हणजे हे गृहस्थ नेवाडा राज्यातल्या रेनोच्या विद्यापीठात लॅटिन शिकवायचे! आज आम्ही वापरतो त्या नळीचा आतला व्यास 1.485 इंच आहे. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलाय. एवढ्या रुंदीच्या नळीत एक इंच पाणी उभं राहिलं, तर त्याचं वजन बरोबर एक औंस भरतं. म्हणजे नळीचं वजन वजा केलं की उरतील तितके औंस, तितके इंच पाणी. डोंगरावर, गारठलेल्या बोटांनी गणित करावं लागू नये म्हणून केलेली ही सोय मला फार आवडते.

पाच तुकडे जोडले तेव्हा कुठे जमीन लागली. नळीच्या तोंडाशी चिखलाची गोळी आली की समजायचं, तळ गाठला. ती गोळी चाकूने खरवडून काढायची आणि मग तोलायचं. मी उत्साहाच्या भरात नळी तशीच टांगली. काट्याकडे बघून सिनियर हसला. "पाण्याबरोबर मातीपण विकतेस वाटतं!" पुन्हा सगळं पहिल्यापासून. मे महिन्याचं ऊन चढलं होतं, बर्फ ओला होऊन नळीला आतून चिकटत होता, दर वेळी मेण चोळावं लागत होतं. असा पिकलेला बर्फ वितळला तर साधारण त्याच्या निम्म्या उंचीचं पाणी होतं. त्या कुरणावर माणूस बुडून वर हात उंचावला तरी दिसणार नाही एवढी खोली होती. त्याच्या निम्म्या उंचीचं पाणी डोळ्यांसमोर उभं करून बघा.

आधीची तीन वर्षं कॅलिफोर्नियात कडक दुष्काळ होता. 2022 च्या एप्रिलच्या सुरुवातीला राज्यातला बर्फ सरासरीच्या 38 टक्के होता. 3 एप्रिल 2023 ला तोच आकडा 237 टक्के! राज्यभरच्या बर्फात त्या दिवशी सरासरी 61.1 इंच पाणी साठलेलं होतं, आणि दक्षिण सिएरात तर नेहमीच्या तिप्पट. उत्तरेला डॉनर खिंडीजवळच्या हिमप्रयोगशाळेत त्या हंगामात 754 इंच बर्फ पडला, म्हणजे जवळजवळ त्रेसष्ट फूट. तिथे याहून जास्त पडला होता तो 1951-52 मध्ये, 812 इंच.

आकडे ऐकून फोनवर आई म्हणाली होती, "बरं झालं बाई, एकदाचं पाणी आलं. जास्त झालं तर जाईल समुद्रात." मीही लहानपणापासून हेच धरून चालले होते. आकाशातून पडलेलं पाणी सागराला मिळतं, असं आजोबा संध्येत रोज म्हणायचे. पण डॉनर खिंडीच्या पूर्वेला वितळलेलं पाणी ट्रकी नदीतून नेवाडा राज्यातल्या पिरॅमिड तळ्यात जातं आणि तिथेच संपतं. आणि मी तोलत होते त्या दक्षिणेकडच्या बर्फाचं तर त्याहून अवघड.

परत येताना पायलटने पश्चिमेकडे तोंड केलं आणि खोरं उघडलं. पांढरे सुळके, काळे पाइन, मग हिरव्या टेकड्या, आणि अगदी लांब, जिथे नकाशात नुसती चौकोनी शेतं आहेत, तिथे पत्र्यासारखं काहीतरी चमकत होतं. कोणी काही बोललं नाही. ते तुलारे तळं होतं.

किंग्ज, कावीआ, तुले आणि कर्न या चार नद्या त्या खोलगट भागात उतरतात. किंग्ज नदीने हजारो वर्षं आणलेल्या गाळाचा उंचवटा खोऱ्यात आडवा पडलाय. किंग्जचं थोडं पाणी उत्तरेला सॅन वाकीन नदीकडे वळवता येतं, बाकीच्याला समुद्राकडे वाट नाही. इथले मूळ रहिवासी योकुट्स लोक या तळ्याला पाआशी म्हणतात. एके काळी अमेरिकेत मिसिसिपीच्या पश्चिमेचं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर होतं ते. नद्या कालव्यांकडे वळवल्या, तळं आटलं, तळाची शेती झाली. 1983 ला, 1997 ला ते परत आलं होतं. चारही नद्यांवर धरणं आहेत, पण एवढा बर्फ पोटात घ्यायची त्यांची ताकद नाही. ती फार तर पाणी हप्त्याने सोडणार.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तळ्याकाठच्या कॉर्कोरन गावाच्या बाजूला गेले. पाण्याच्या नोंदी तर फोनवरही मिळाल्या असत्या, पण बघितल्याशिवाय राहवेना. डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरत होता, मधली पिवळी रेघ पुढे थोडी दिसायची आणि मग गढूळात नाहीशी व्हायची. विजेचे खांब रांगेने पाण्यात उभे. डिझेल आणि शेणाचा वास. पाणकोंबड्या मात्र खूश होत्या. दूर गावाच्या बांधावर माती चढवणारी यंत्रं घरघरत होती. भूजल उपसून उपसून ते गावच खचलंय, त्यामुळे बांधही खचतो, आणि पुन्हा उंच करावा लागतो.

काठावर एक वयस्कर शेतमजूर पिकअपला टेकून उभा होता. पाण्याच्या कडेला त्याने लाकडी खुंटी ठोकली होती, तिच्यावर रंगाच्या रेघा. माझ्या जॅकेटवरचं ओळखपत्र बघून त्याने विचारलं, "तुम्ही वरून आलात? अजून किती आहे तिथे?"

एप्रिलमधल्या 61.1 इंचांपैकी 1 मेला 49.2 इंच शिल्लक होते. मला इंच सांगायचं जिवावर आलं.

"बराचसा वरच आहे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. पिकअपमधून नवीन खुंटी आणि हातोडा काढला, पाण्यापासून मोजून चाळीस पावलं मागे आला आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ ती ठोकली.

"उद्या आलात तर गाडी याच्या पलीकडे लावा," तो म्हणाला.