एस्क्वेरिटाला लिटल रिचर्डची कॉपी म्हणू नका

जुन्या रॉक अँड रोलच्या गप्पांत एस्क्वेरिटा या पियानोवाल्या गायकाचं नाव निघालंच तर लगेच कोणीतरी म्हणतं, अरे तो लिटल रिचर्डची, त्या 'टुटी फ्रुटी' गाण्यावाल्या रॉक स्टारची, नक्कल करायचा ना, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण प्रकरण बरोब्बर उलटं आहे.

एस्क्वेरिटाचं खरं नाव एस्क्यू रीडर, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचा. रिचर्डच्या गावी, जॉर्जियातल्या मेकनला, ग्रेहाउंड बसस्टँडवर रिचर्डची आणि त्याची गाठ पडली. प्रवचनं करत फिरणाऱ्या एका बाईंबरोबर तो आला होता, त्या बाई प्रार्थना म्हणून पवित्र केलेला पाव विकायच्या! रिचर्डने त्याला घरी नेलं, तिथे हा पियानोवर बसला आणि 'वन मिंट जूलेप' हे गाणं वाजवलं, तेही पार उजवीकडच्या बारीक सुरांवर, की रिचर्ड म्हणाला मला पण शिकव. हे सगळं रिचर्डनेच नंतर सांगितलंय, एवढे मोठे हात कोणाचे बघितले नव्हते असंही.

पण रेकॉर्ड कोणाची आधी आली? रिचर्डची 'टुटी फ्रुटी' 1955 ची. एस्क्वेरिटाला कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने घेतलं ते 1958 मध्ये, रॉक गायक जीन व्हिन्सेंटच्या बँडमधल्या पॉल पीकच्या ओळखीने, आणि तोवर रिचर्ड रॉक अँड रोल सोडून देवाधर्माला लागला होता, कंपनीला त्याच्या जागी कोणीतरी हवंच होतं. म्हणजे ज्याने शिकवलं त्यालाच शिष्याच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. केसांचा उंच डोलारा, काळा गॉगल, लोकांनी बघताक्षणी ठरवून टाकलं, कॉपी. 1959 ची एलपी पण चालली नाही आणि कॅपिटॉलचं प्रकरण तिथेच आटोपलं.

पुढे 1968 ला 'मॅग्निफिसंट मलोची' या नावाने पण एक रेकॉर्ड काढली, कोणाला पत्ता नाही. 1970 ला रिचर्डचं 'फ्रीडम ब्लूज' चार्टवर चढलं, ते या दोघांनी मिळून लिहिलेलं. 1986 ला हार्लेममध्ये एड्सने गेला बिचारा.

ऐकायचं तर आधी 'एस्क्वेरिटा अँड द वूला' लावा. शब्द जवळपास नाहीतच, खाली ड्रम घुमतायत, पियानो सैरावैरा पळतोय आणि हा वरून नुसता आळवतोय, किंचाळतोय. रिचर्डच्या त्या काळच्या रेकॉर्ड्स किती घट्ट बांधलेल्या, सॅक्सोफोन बरोबर जागेवर येणार म्हणजे येणार, आणि इथे सगळं मोकाट सुटलेलं. असलं काही रिचर्डने कधीच केलं नाही, मग कॉपी कशाची?