गाँग शेवटी पडतो : योग्याकार्ताजवळची वायांगची रात्र

इंडोनेशियात जावा बेटावरच्या योग्याकार्ताच्या सोनोबुदोयो संग्रहालयात रात्री दोनेक तासांचा वायांग कुलित होतो. चामड्याच्या बाहुल्या, पडद्यावर सावल्या, साथीला गामेलान, म्हणजे गाँग आणि धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यांचा ताफा. आपल्या कोकणातल्या पिंगुळीच्या बाहुल्यांची आठवण येतेच. कान तयार करायला आधी हा खेळ बघा. मग रात्रभराचा खेळ शोधा. यजमानाच्या घरी कार्य असलं की गावात होतो, मुक्कामाच्या ठिकाणी विचारत राहा. मला बांतुलकडच्या एका गावात मिळाला, नवाच्या सुमारास सुरू झालेला.

पडद्याच्या सावलीच्या बाजूला थोडाच वेळ थांबा. बसायचं ते डालांगच्या, म्हणजे सूत्रधाराच्या मागे, वादकांजवळ. तो डाव्या हातातल्या लाकडी ठोकळ्याने पेटीवर टकटक करून वादकांना खुणा देतो. दोन्ही हातांत बाहुल्या असल्या की ठोकळा पायाच्या बोटांत!

पहिला तासभर मी आवर्तनात सारखी चुकत होते. आपली सम पहिल्या मात्रेवर. इथे मोठा गाँग शेवटच्या मात्रेवर पडतो, सगळा भार तिकडे झुकलेला. लाद्रांग नावाचा रचनाप्रकार असेल तर 32 मात्रा मोजा, गाँग सापडतो. हाणामारीत मात्र मोजणं सोडून द्या. तिथे वेगळे तीन रचनाप्रकार : आयाक-आयाकान शांत, स्रेपेगान (योग्याकार्तात प्लायोन) घाईचं, साम्पाक सर्वांत दाट. यांत गाँगमधलं अंतर कमीजास्त होतं, आणि डालांगची खूण आली की वादन जवळच्याच गाँगवर संपतं. संगीत इतकं लवचीक असल्यामुळेच प्रसंग हवा तसा ताणता येतो. स्रेपेगानमध्ये कनोंग (आडवा ठेवलेला गाँग) प्रत्येक मात्रेला, कम्पुल (टांगलेला लहान गाँग) एकाआड एक. साम्पाकमध्ये दोन्ही दुप्पट दाट. एवढं ओळखू आलं तरी पडद्यावर काय पेटणार ते आधी कळतं.

रात्रीचे तीन भाग, प्रत्येकाचा पटेत, म्हणजे रागासारखी चौकट, वेगळा : नम, सांगा, मान्युरा. स्लेंद्रो या स्वरसप्तकाचे पाच स्वर तेच, विसाव्याचे स्वर बदलतात. रागांची वेळ मानणाऱ्या कानाला हे लगेच पटावं. झोप आवरत नसेल तर पहिल्या भागात डुलकी काढा, पण मध्यरात्रीनंतर जागे राहा. तेव्हा विदूषक सेमार आणि त्याची मुलं येतात, आणि अर्जुनासारखा वीर चाकिल राक्षसाशी लढतो.

वाद्यं ओलांडून जाऊ नका, तो अपमान समजतात. शाल आणि डासांचं मलम हवंच. परतीची गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवा. पहाटे भीम नाचून झाला, गाँग पडला, की मांडव बघता बघता रिकामा होतो.