पेवातला मुंजा आणि पाचव्या लेव्हलचा ट्रोल

सांगलीच्या आमच्या टेबलावरचं भुतांचं कॅम्पेन पाचव्या लेव्हलला पोचलंय. खेळ मी चालवतो. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या साहसकथांच्या खेळाचे, 2014 च्या आवृत्तीतले. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, मात्र माणूस एकही नाही: एक मुंजा, एक चकवा, एक आसरा आणि थेट नियमांच्या पुस्तकातून उचललेला एक ट्रोल, म्हणजे जखमा आपोआप भरून येणारा राक्षस. ट्रोलवाला तासगावचा. त्याला गावाकडचं भूत नको होतं. म्हणाला, "मुंजा तर आमच्या विहिरीवर आहेच की, खेळायला काहीतरी नवीन दे."

आकड्यांचा खरा गुंता या ट्रोलचाच. मॉन्स्टर म्हणून त्याचे एचपी (किती मार सोसेल तो आकडा) 84, दर टर्नच्या सुरुवातीला 10 परत (हे त्याचं रिजनरेशन), चॅलेंज रेटिंग, म्हणजे मॉन्स्टर किती अवघड तो आकडा, 5. त्यावरून 'म्हणजे पाचव्या लेव्हलचं कॅरेक्टर' असा हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात. पण रेटिंग 5 म्हणजे पाचव्या लेव्हलच्या चौघांसमोर एकटा उभा राहू शकेल असा गडी. त्याच लेव्हलच्या फायटरचे, म्हणजे लढवय्या पात्राचे एचपी, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 14 धरलं तर, 44. शिवाय मॉन्स्टर जगतो तीन-चार राउंड, त्यामुळे त्याचं ते रिजनरेशन जन्मभरात तीस-चाळीस एचपीचं. प्लेयरच्या हातातला ट्रोल दोन लढायांच्या मधे मिनिटभर (म्हणजे दहा टर्न) नुसता बसला तरी 100 एचपी भरून निघतात, तेही फुकट. मग जखमा भरणाऱ्या क्लेरिकनं काय टाळ कुटायचे?

जुन्या 3.5 आवृत्तीत यावर लेव्हल ॲडजस्टमेंटचा उतारा होता. ट्रोलचे सहा हिट डाइस (एचपी ठरवणारे फासे), वर पाच लेव्हलचा दंड, म्हणजे तो अकराव्या लेव्हलचा धरायचा. कागदावर छान दिसतं. पण त्या आवृत्तीच्या पुस्तकातल्या ट्रोलचे एचपी 63, बेस अटॅक (वार लागण्याचा मूळ आकडा) फक्त 4, आणि त्या लेव्हलच्या विझार्डचा, म्हणजे जादूगाराचा, एक फायरबॉल (आगीचा गोळा) सरासरी 35 चा. दोन फायरबॉल, की ट्रोल आडवा. आगीचं डॅमेज असल्यामुळे रिजनरेशनही कामाचं नाही. मारायला राक्षस, मरायला पोर! 2003 मध्ये मॉन्स्टरचेच लेव्हलवार तुकडे पाडून त्याचा क्लास (पात्राचा पेशा) करायची पद्धत आली, ती मला जास्त पटते. खरं तर 1974 च्या पहिल्यावहिल्या नियमांतच हे होतं: ड्रॅगन व्हायचंय तर व्हा, पण पिल्लापासून सुरुवात करा.

आमच्या ट्रोललाही मी तसंच वाढवतोय. रिजनरेशन बांधलंय हिट डाइसला. एचपी निम्म्यावर आले, की टर्नच्या सुरुवातीला एक हिट डाय खर्चून तेवढे एचपी परत घ्यायचे. आग किंवा ॲसिड लागलं असेल तर ती टर्न कोरडी. पाचव्या लेव्हलला दिवसाला पाच डाइस, संपले की संपले. निम्म्याची अट चॅम्पियन या फायटरच्या प्रकाराकडून उचलली आहे. त्याला असं आपोआप भरून येणं अठराव्या लेव्हलला मिळतं, एवढं सांगितल्यावर तासगावकर गप्प बसला.

आता एचपी-डॅमेजच्या पलीकडचं. या महिन्यात पार्टीला सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत उतरवलं. बाहेरच्यांसाठी सांगतो: पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड अरुंद आणि पोट मोठं. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच खचली. बंद पेवात हवा जीवघेणी असते, म्हणून उघडल्यावर काही तास थांबायचं, मगच माणूस उतरवायचा. यापेक्षा चांगला डन्जन मला कुठल्या पुस्तकात मिळणार? अडचण एकच. मुंज्याला श्वासच लागत नाही.

म्हणून प्रत्येक कॅरेक्टर शीटवर मी एक रकाना वाढवलाय: 'ही शक्ती कुठला प्रसंग गिळते?' डॅमेज दोन-चार पॉइंट इकडेतिकडे झालं तर खेळ मरत नाही. उडणं, भिंतीतून जाणं, श्वास न लागणं या गोष्टी मात्र अख्खा प्रसंगच संपवतात. आराकोक्राची (खेळातल्या पक्षी-माणसांची) उडण्याची गती 2015 मध्ये 50 फूट होती, 2022 मध्ये 30 झाली. पण दरीवरचा पूल तुटलेला असेल तर दोन्ही आराकोक्रा सारखेच पलीकडे. माझा नियम असा: प्रत्येकाला एकच प्रकारचा प्रसंग पूर्ण गिळता येईल, बाकी ठिकाणी फार तर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा).

मुंज्यानं 'श्वास न लागणं' निवडलं, म्हणजे भिंतीतून जाणं गेलं. पेवात तो बिनधास्त उतरला, पण हळदीचं पोतं उचलायचं तर अंगात बळ हवं, आणि मुंज्याचं बळ पिंपळापाशी. पिंपळापासून 60 फुटांच्या बाहेर त्याची स्ट्रेंग्थ (ताकद) 6, म्हणजे दुबळीच. त्यात पार बांधलेला, पूजेतला पिंपळ धरायचा नाही, नाहीतर कृष्णाकाठच्या गावागावात तो पैलवान व्हायचा. आता पार्टी रस्ता ठरवताना नकाशावर रानातले पिंपळ शोधत बसते. मला हे मर्यादेपेक्षा खेळणंच जास्त वाटतं. शेवटी पोती ट्रोलनं ओढली, दोरीनं, श्वास रोखून, दर मिनिटाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्यासाठी टाकायचा फासा) देत.

आसरा डोहाशी बांधलेली, तिची फारशी कटकट नाही.

चकव्याचं अजून जमत नाहीये. रात्री पाठलाग करणाऱ्याला तो जागच्या जागी फिरवत ठेवतो, म्हणजे पाठलाग हा प्रसंग त्यानं गिळला, ते मान्य. पण लढाईतही तो हेच करतो आणि निम्मे शत्रू नकाशाच्या कडेला भटकत राहतात. आजीच्या पिढीचा उपाय नियमात घातलाय: चकवा लागला की चालायचं नाही, बसून राहायचं. जो शत्रू आपली पूर्ण मूव्हमेंट सोडून देईल तो टर्नच्या शेवटी सुटला. पाठलागात हे मस्त चालतं. पण तिरंदाजाला कुठे हलायचं असतं? तो उभ्या उभ्या सुटतो आणि बाणही मारतो. सहाव्या लेव्हलच्या आधी दोन पर्याय खेळून बघणार आहे: सुटण्यासाठी ॲक्शनही (त्या टर्नमधला वार किंवा इतर कृती) सोडायला लावणं, किंवा चकवा फक्त 30 फुटांच्या आतल्यांनाच लागणं. चकवेवाल्याला अर्थातच पहिला हवाय.