चित्राच्या कोपऱ्यातला कुत्रा

तिसरीच्या वर्गाला मी शिकवते आणि मुलांनी गोष्ट ऐकण्यापेक्षा गोष्ट सांगावी यासाठी माझी सगळी धडपड असते. ऑनलाइन साहित्य आता भरपूर आहे. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेली स्टोरीविव्हर ही गोष्टींची साइट आहे, सगळं फुकट, मराठीतल्या गोष्टी, वाचनाच्या चार लेव्हल, आफ्रिकन स्टोरीबुक ही तशीच आणखी एक साइट आहे, इंग्रजीत स्टोरीलाइन ऑनलाइनवर नट-नट्या पुस्तकं वाचून दाखवतात. पण होतं काय की व्हिडिओ लावला की मुलं गप्प बसून बघतात आणि नंतर "आता तू सांग" म्हटलं की "आणि मग, आणि मग" करत चार वाक्यांत गोष्ट संपते. साहजिकच आहे ना, सांगणाऱ्याने सगळं सांगून टाकलंय, मुलांसाठी काही उरलेलंच नाही.

एके दिवशी मी स्टोरीविव्हरवरची पहिल्या लेव्हलची एक गोष्ट घेतली. पहिल्या लेव्हलला मजकूर अगदी थोडा असतो, पानभर चित्र आणि खाली एखाद-दुसरी ओळ. पीडीएफ डाउनलोड करून प्रत्येक पानावरची ओळ झाकली आणि नुसती चित्रं प्रोजेक्टरवर लावली. पावसात एका मुलाची छत्री उडते, तो मागे धावतो, शेवटी छत्री सापडते, एवढंच. एका पानावर "काय दिसतंय?" एवढंच विचारायचं आणि मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड असतं, कारण आपल्याला लगेच मदत करावीशी वाटते.

वर्गात एक मुलगी आहे, तिला वाचताना अक्षरं जुळवायला वेळ लागतो म्हणून ती वाचनाच्या तासाला बोलतच नाही. तिने तिसऱ्या चित्राला हात वर केला. म्हणाली, बाई, छत्री वाऱ्याने नाही उडाली, कुत्र्याने नेली. मी बघितलं तर खरंच, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक कुत्रा होता, पहिल्या पानावर भिंतीमागे फक्त शेपटी, शेवटच्या पानावर कोरडी पिल्लं. मग ती उठून पडद्याजवळ गेली आणि बोट ठेवत ठेवत सगळी गोष्ट सांगितली, पिल्लं भिजत होती, आईला छत्री हवी होती, मुलगा ओरडला म्हणून ती घाबरली पण थांबली नाही. पात्र, अडचण, अडचणीतून वाट, शेवट, गोष्टीच्या बांधणीचं जे काही मी तक्त्यावर लिहून शिकवते ते सगळं तिच्या सांगण्यात आपोआप आलं, मधे आवाज सुद्धा बदलला तिने कुत्रीसाठी.

नंतर मी झाकलेल्या ओळी दाखवल्या. मजकुरात कुत्र्याचं नावच नाही, वाराच आहे. वर्गात एकदम गलका, कोणती गोष्ट खरी? एक मुलगा म्हणाला पुस्तकात छापलंय म्हणजे तेच खरं, दुसरा म्हणाला मग चित्रकाराने कुत्रा काढला कशाला. तिसरीतली मुलं पुराव्यासाठी पुन्हा पुन्हा पान मागे घ्यायला लावत होती, "ते दाखवा, ते शेपटीचं", आणि मला वाटतं हेच खरं वाचन, नजर चित्रावर आणि डोकं कारणावर.

इथे या साइटचा मोठा फायदा कळतो. गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्यावर आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन आपण तीच चित्रं घेऊन नवीन गोष्ट बनवू शकतो, कोणाला विचारत बसावं लागत नाही. म्हणून लगेच ठरलं, त्या मुलीचीच गोष्ट लिहायची. ती सांगत गेली, मी तिच्याच शब्दांत टाइप करत गेले, वाक्य सुधारायचा मोह आवरला. "कुत्रीला दुसऱ्याची छत्री घेणं बरं नाही वाटलं पण पिल्लं तिची होती" हे वाक्य मी बदलणार नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

चित्रकाराचं नाव का लिहायचं हेही मुलांनी विचारलं, तर ती स्वतःच म्हणाली, कुत्री त्याने काढली ना.

गोष्ट अजून ड्राफ्टमध्येच आहे. छत्री परत द्यायची की नाही यावर वर्गात एकमत होत नाही, म्हणून आता दोन शेवटांच्या दोन गोष्टी करतोय आणि दुसऱ्या शेवटाचं सांगणं त्या "छापलंय तेच खरं" म्हणणाऱ्या मुलाकडे दिलंय.