ठोका सापडला: तीन नंबरची गजन पिन

माझ्या गाडीच्या इंजिनात ठोका येत होता. इंजेक्टरची नोझल (डिझेल फवारणारी टोकं) दुरुस्त करून आणल्यावर गाडी शांत झाली असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ती शांतता टिकली नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईचा चढ संपला, अॅक्सिलरेटर सोडला आणि तोच ठोका परत सुरू झाला. सुटा, कोरडा, लोखंडावर लोखंड. पण आज लिहायला बसलोय ते आनंदाने, कारण त्याचं मूळ सापडलंय आणि आत्ता ते माझ्यासमोर वर्तमानपत्रावर पडलंय: तीन नंबरच्या सिलिंडरची गजन पिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन.

गाडी तीच, महिंद्राची जुनी पिकअप, २५२३ सीसीचं डीआय इंजिन. या इंजिनाचा आवाज मुळातच मोठा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात पडतं, पेट घ्यायला क्षणभर उशीर होतो आणि तोवर साठलेलं सगळं एकदम भडकतं. ती खणखण जन्मजात आहे, तिच्या मागे लागू नये. आपल्याला शोधायचा होता तो खणखणीच्या खालचा दुसरा आवाज. डिझेल पंप दुरुस्त करणारा टायमिंग (डिझेल पडण्याची वेळ) म्हणाला, दुसऱ्याने पिस्टन सांगितलं, तिसरा थेट पूर्ण इंजिन खोलायला निघाला. तिघांपैकी कोणीही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितली नव्हती.

म्हणून भांडुपच्या गाळ्यात गाडी लावली आणि एकेक संशयित बाद करत गेलो. फॅन बेल्ट काढून जेमतेम मिनिटभर इंजिन चालवलं (पाण्याचा पंप बंद असतो, जास्त चालवू नका). ठोका तसाच. म्हणजे अल्टरनेटर, त्याच्यामागचा व्हॅक्यूम पंप आणि वॉटर पंप सुटले. क्लच दाबला, सोडला, फरक नाही. ऑइल प्रेशरच्या सेंडरच्या जागी काट्याचं गेज लावलं, इंजिन तापल्यावरही प्रेशर नीट. टॅपेट कव्हर काढून चालू इंजिनात व्हॉल्व्ह दाबणाऱ्या एकेका रॉकरखाली फीलर गेजचं (फट मोजायचं) पातळ पान सरकवलं. टॅपेटचा दोष असता तर पान घातल्यावर आवाज दबला असता. दबला नाही.

मग फोनवर आवाज रेकॉर्ड करून लॅपटॉपवर त्याची लहर बघितली. हे सगळ्यांनी करून बघा, फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. आयडलला ७०० आरपीएम धरले तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला साधारण पावणेबारा फेरे मारतो. माझे उंच टोकदार ठोके होते सेकंदाला सहाच्या जवळपास. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक ठोका. म्हणजे आवाज एकतर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बाजूचा, नाहीतर एकाच सिलिंडरच्या जळणाशी बांधलेला. टॅपेट आधीच बाद झालेले, त्यामुळे मी सिलिंडरकडे वळलो.

चालू इंजिनात इंजेक्टर पाइपचा नट सैल करून एकेक सिलिंडर बंद पाडायचा. नटावर जाड फडकं टाका आणि बोटं लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, हे गमतीत घेऊ नका. एक, दोन, चार बंद केले तरी ठोका जागच्या जागी. तीन बंद केला आणि आवाज बदलला. जोर कमी झाला, पण गेला नाही. इथे माझं डोकं अडकलं, कारण बिग एंड बेअरिंग (रॉड क्रँकला जोडतो तिथलं) असतं तर आवाज जवळजवळ मेला असता. आणि पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) आपटत असता तर इंजिन तापल्यावर तो कमी व्हायला हवा होता. हा गरम झाल्यावरही तसाच.

गाळ्याचे मालक काका बेस्टच्या डेपोत फिटर होते. ते चहा घेत बाजूला उभे होते. म्हणाले, "अरे, कमी झाला की नाही ते सोड. एकाचे दोन झाले का, ते ऐक."

परत नट सैल केला, मोठा स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला लावून मूठ कानाशी धरली. टक-टक, टक-टक. जोडठोका! जळणाचा दाब असतो तेव्हा पिस्टन पिनला एकाच बाजूला दाबून ठेवतो. तो दाब गेला की ढिली पिन बुशमध्ये (रॉडच्या वरच्या टोकात दाबून बसवलेली नळी, जिच्यात पिन फिरते) वर-खाली दोन्हीकडे आपटते. खात्रीसाठी तीनचा इंजेक्टर एकला लावला, एकचा तीनला. ठोका तीनवरच राहिला. नोझल पूर्ण निर्दोष.

हेड आणि चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढायचं काम तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की बोअरच्या तोंडाशी साठलेला कार्बनचा कडा आधी साफ केला, मगच पिस्टन वर ढकलला. तापरियाचे रिंग पाने या कामात एकदाही सटकले नाहीत. उलट ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त गोटी (सॉकेट पाना) सेटमधली गोटी रॉडच्या बोल्टवर फाकली. रॉडचे बोल्ट आणि हेडचे स्टड यांना असली हत्यारं लावू नका, एवढी कळकळीची विनंती.

आता टेबलावरचं सांगतो. चांगल्या बुशमध्ये तेल लावलेली पिन अंगठ्याने दाबत सरकवावी लागते. इथे रॉड आडवा धरून जरा कलता केला तर पिन आपल्या वजनाने घरंगळली. पिनच्या मधल्या पट्ट्यावर तपकिरी-निळसर डाग आहे, गरम होऊन जळल्याचा. बुशची खालची बाजू, म्हणजे जळणाचा धक्का येतो तीच, नखाला लागेल इतकी ओरखडलेली. नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेलं बोअर गेज लावलं तर पिन आणि बुशमधली जागा ०.१२ मिमी निघाली. असायला हवी मिलिमीटरचा एक-दोन शंभरावा भाग.

आणि मग खरी गोष्ट दिसली. रॉडच्या डोळ्यावर (पिन बसते त्या वरच्या टोकावर) तेलासाठी भोक असतं, ते बुशच्या भोकाशी जुळायला हवं. बारीक तार घातली, ती जेमतेम अर्ध्यावर अडली. बॅटरी मारून आतून बघितलं तर बुशचं भोक बाजूला सरकलेलं, वरच्या भोकाची फक्त चंद्रकोर उघडी. आधीच्या मालकाकडे इंजिन उतरलं होतं तेव्हा कोणीतरी बुश दाबताना भोक जुळवलं नाही. पिन इतकी वर्षं अर्ध्या तेलावर चालली!

फक्त तीनची पिन आणि बुश बदलून हेड बसवायचं असं ठरवलं होतं. पण हे लिहिताना लक्षात येतंय की चारही बुश त्याच हाताने, त्याच दिवशी बसलेले असणार. एक, दोन, चार आज वाजत नाहीत, एवढ्यावरून त्यांची भोकं जुळलेली आहेत असं होत नाही. हेड उतरलेलंच आहे, तर चारही पिस्टन बाहेर येतील. सगळ्यांत तार घालून बघणार. रॉड वाकलेले नाहीत ना, तेही फिक्स्चरवर तपासून घेणार, आणि बिग एंडला प्लास्टिगेज (बेअरिंगमधली फट मोजायचा मऊ धागा) लावणार. क्रँक मात्र हलवणार नाही, ऑइल प्रेशर चांगलं आहे.

बुश आणि पिन ऑपेरा हाउसच्या बाजारातून कंपनीचेच घेतले. लोकल बुश निम्म्या किमतीत मिळत होता, पण त्यात तेलाची खाच उथळ होती. दोन्ही शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

अडलोय ते एका ठिकाणी. बुश दाबल्यावर पिनच्या मापाला आणायचा असतो. कुर्ल्याला मी विचारलं तिथे हाताने रिमर (भोक रुंदावायचं हत्यार) फिरवतात, त्याने भोक किंचित तिरकं जायची भीती वाटते. मला मशीनवर होनिंग (दगडाने बारीक घासून माप आणणं) हवंय. ठाणे ते कुर्ला पट्ट्यात लहान डोळ्याचं होनिंग करून देणारा, पिन सोबत घेऊन माप जुळवणारा कोणी माहीत असेल तर सांगा. तोपर्यंत पावसाळी हवेत बोअरला गंज धरू नये म्हणून चारही लायनर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) तेलाने पुसून ठेवलेत. तारेचा निकाल लागला की इथेच लिहितो.