एका रकान्यासाठी ठाण्याच्या पाच चकरा (माहितीपर भाषणाचा माझा अनुभव)

भाषण फक्त सात मिनिटांचं होतं आणि त्याच्या फॉर्ममधल्या एका रकान्यापायी माझे एकोणीस दिवस गेले. ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय, निदान दुसऱ्या कुणाचे तरी दिवस वाचतील.

मी ऐरोलीला राहते. ठाण्यातल्या एका संस्थेने माहितीपर भाषणांची स्पर्धा ठेवली होती, विषय आपल्या परिसरातला हवा एवढीच अट. मी लगेच फ्लेमिंगो घेतले. आपल्याकडे रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. साधारण नोव्हेंबर ते मे ठाणे खाडीत असतात, 2015 साली तिथे अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, आणि हे सगळं आमच्या घराच्या इतक्या जवळ, मग दुसरा विषय कशाला शोधू. नाव, वय, विषय पटापट भरलं. शेवटचा रकाना होता 'भाषणाचा विशिष्ट उद्देश, एका वाक्यात'. मी लिहिलं, 'ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची माहिती देणे.'

फॉर्म हातानेच द्यायचा, काउंटर संध्याकाळी चार ते सहा उघडं. म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाने हाफ डे टाकायचा आणि ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची. सहा दिवसांनी फोन, 'फॉर्म परत घेऊन जा'. गेले. त्या रकान्याभोवती लाल पेनाने गोल आणि बाजूला दोन शब्द, 'उद्देश सुधारा'. काय सुधारा? काउंटरवरचे म्हणाले, "मॅडम, आम्ही फक्त फॉर्म घेतो, तपासणारे वेगळे." ते कधी भेटतील विचारलं तर, "ते इथे बसत नाहीत." तिथेच उभी राहून दुसरा फॉर्म भरला, यावेळी जरा जोर लावून: 'फ्लेमिंगो वाचवण्यासाठी खाडीत कचरा टाकू नये हे श्रोत्यांना पटवून देणे.' सहा दिवसांनी परत. तोच लाल गोल, तेच दोन शब्द. मग लिहिलं, 'फ्लेमिंगोंचा रंग, त्यांचं स्थलांतर आणि अभयारण्याची माहिती समजावून सांगणे.' आता तर सगळंच आलं ना? सात दिवसांनी तेही परत. त्या दिवशी ठाणे स्टेशनवर ऐरोलीची गाडी समोरून गेली तरी मी बाकावर बसून होते, इतका संताप झाला होता.

घरी आले तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ऐकव बघू मला काय बोलणार आहेस ते." मी सुरू केलं, किती प्रजाती, कुठून येतात, किती हेक्टर. त्या हं हं करत होत्या, हात मेथीवरच. मध्येच मी म्हटलं की पिल्लं राखाडी असतात, आणि त्यांचा हात थांबला. "अगं, म्हणजे जन्मतः गुलाबी नसतात? मग रंग येतो कुठून?" पुढची पाच मिनिटं मी फक्त तेच सांगितलं, आणि रात्री जेवताना त्यांनी ते जसंच्या तसं ह्यांना सांगितलं!

तेव्हा लख्ख कळलं. माझं बोलणं संपल्यावर ऐकणाऱ्याला घरी जाऊन काय सांगता आलं पाहिजे, ते म्हणजे उद्देश. माझं पहिलं वाक्य इतकं मोठं होतं की त्यात पुस्तक मावेल. दुसरं माहितीपर नव्हतंच, ते मन वळवायचं भाषण, तो प्रकारच वेगळा. तिसऱ्यात एकाच्या जागी तीन भाषणं होती. तपासणाऱ्याला हे तिन्ही वेळा दिसलंच असणार, मग 'विषय फार मोठा आहे' एवढे चार शब्द लिहायला काय हरकत होती? शिकणाऱ्याला चूक कुठे आहे हे सांगायचंच नसेल तर लाल पेन कशाला हवं?

चौथं वाक्य: 'भाषण ऐकून श्रोत्याला फ्लेमिंगोचा गुलाबी रंग अन्नातून कसा येतो ते तीन टप्प्यांत सांगता येईल.' दुसऱ्या दिवशी दिलं, पास झालं.

आणि मग भाषण भराभर उभं राहिलं. मुद्दे तीनच: पाण्यातल्या आणि चिखलातल्या शेवाळात, बारीक जिवांत रंगद्रव्यं असतात, पक्षी चोच उलटी करून ते गाळून खातो, यकृतात त्या द्रव्यांवर प्रक्रिया होऊन रंग पिसांत उतरतो. क्रम आपोआप आला, कारण ही प्रक्रियाच आहे. इतिहासाचा किंवा एखाद्या ठिकाणाचा विषय असेल तर क्रम वेगळा लावावा लागेल. हेक्टर, प्रजाती सगळं काढून टाकलं, जीव तुटला पण काढलं. सुरुवात मात्र सगळ्यात शेवटी लिहा, मी आधी लिहिलेली फेकून आईंचा प्रश्नच पहिलं वाक्य केला.

वेळ लावून, उभं राहून, मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचलं तर सात मिनिटांत बसतं, मोठ्याने माझे अकरा झाले होते. मी मिनिटाला शंभर-एक शब्द बोलते, तुमचे तुम्ही मोजा. पूर्ण भाषण हातात नको, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मुद्द्यांचे शब्द फक्त. आणि हो, माहिती कुठून घेतली ते बोलता बोलताच सांगायचं, 'वनविभागाच्या माहितीनुसार' असं, आकडा असेल तिथे तर नक्कीच. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना एक वाक्य जोडा, 'हे झालं खाणं, आता रंग पिसापर्यंत कसा जातो', नाहीतर ऐकणारा मागेच राहतो.

त्या दिवशी पहिलं अर्धं मिनिट पाय थरथरत होते, दुसऱ्या मुद्द्यापर्यंत थांबले. सहा मिनिटं पन्नास सेकंद. नंतर एका आजोबांनी विचारलं की पिंजऱ्यात ठेवला तर रंग जातो का, आणि मला उत्तर येत होतं: हो, अन्नात ती द्रव्यं नसतील तर फिका पडतो. फार बरं वाटलं.

फॉर्म देणार असाल तर आधी झेरॉक्स काढून ठेवा, माझे परत आलेले तिन्ही फॉर्म त्यांनी शेवटी जमा करून घेतले.