बुटांना एवढे पैसे? तुम्ही विचारलंत म्हणून

सुट्टीला साताऱ्याला आलो की पहिल्या दोन दिवसांत कोणीतरी दारातले माझे बूट उचलून बघतं आणि विचारतं, "कितीला पडले?" आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला. "बुटांना एवढे पैसे? असं आहे काय त्यात?" आमचे दाजी तर दर वर्षी विचारतात, बहुधा आकडा कमी होईल या आशेने. फोनवर विचारणारे वेगळेच. "तू तिथंच राहतोस, ते इंग्लिश घराण्यांचे बुटांचे जुने कारखाने खरंच चांगले असतात का नुसतं नाव?" तोंडी सांगायला गेलो की चहा निवतो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मी इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला राहतो. गेली 15 वर्षं एका गोदामाच्या ऑफिसात बसून कंटेनरचा हिशोब ठेवतो, आणि त्या कंटेनरांत बरेचदा बूटच असतात, पूर्वेकडून आलेले. ज्या गावाने इंग्लंडच्या फौजेला पिढ्यान्‌पिढ्या बूट पुरवले, त्या गावात आता बाहेरचे बूट उतरवून घ्यायची नोकरी. असो. गाव बुटांचं का झालं याचं कारण साधं आहे. आजूबाजूला गुरं, कातडं कमवायला ओकच्या झाडांची साल, आणि नेन नदीचं पाणी. 1642 मध्ये आयर्लंडला निघालेल्या सैन्यासाठी इथल्या कारागिरांनी हजारो जोड शिवून दिल्याची नोंद आहे. गावाच्या फुटबॉल संघाला लोक आजही 'कॉब्लर्स' म्हणतात, म्हणजे जोडे दुरुस्त करणारे. आपल्याकडे एखाद्या गावाने हे नाव छातीवर मिरवलं असतं का, हा प्रश्न मला पहिल्याच मॅचला पडला. अजून सुटलेला नाही.

त्या कारागिरांचा स्वभावही तसाच, कुणाला न जुमानणारा. 1880 मध्ये त्यांनी चार्ल्स ब्रॅडलॉ या उघड नास्तिकाला खासदार म्हणून निवडून दिलं. देवाच्या नावाने शपथ घेण्यावरून पार्लमेंटने त्याला बसू दिलं नाही, तर यांनी पुन्हा पुन्हा त्यालाच निवडलं. 1886 मध्ये कुठे तो आत बसला. हाच ब्रॅडलॉ 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. त्याचा पुतळा इथल्या ॲबिंग्टन स्क्वेअरमध्ये आहे आणि माझी बस रोज त्याला वळसा घालून जाते.

आता बुटांकडे. कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एमआयडीसी येते. इथले जुने कारखाने तसे नाहीत. चाळीसारख्या एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेत मध्येच लाल विटांची तीन मजली इमारत, उजेडासाठी मोठाल्या खिडक्या. बहुतेकांचे आता फ्लॅट झालेत. जे चालू आहेत त्यांपैकी एकात मला एकदा हिंडायला मिळालं.

सगळ्यात जास्त वेळ मी कातडं कापणाऱ्याच्या टेबलाशी उभा होतो. त्याला क्लिकर म्हणतात, कातड्यातून निघताना रापी 'टक्‌' असा आवाज करते म्हणून. त्याने कातडं उजेडाकडे धरलं, तळहाताने चाचपलं, दोन्ही बाजूंना ओढून पाहिलं. एका जागी तारेच्या कुंपणाचा ओरखडा होता, एका जागी शिरेची रेघ. माझ्या डोळ्यांना दोन्ही दिसले नव्हते. चवड्यावरचा तुकडा सगळ्यात निर्दोष भागातून निघतो, जीभ पोटाकडच्या सैल भागातून निघाली तरी चालते, कारण ती नाडीखाली झाकते. डावा आणि उजवा तुकडा एकमेकांशी जुळणाऱ्या जागेवरूनच काढायचा. नाहीतर वर्षभराने एक बूट सुरकुततो आणि दुसरा नाही. पैसे कशाचे याचं अर्धं उत्तर त्या टेबलावर आहे, हा माणूस किती कातडं *वापरत नाही* त्यात.

उरलेलं अर्धं तळाशी आहे. साधा बूट वरच्या भागाला तळ चिकटवून होतो. डिंक सुटला की संपला. इथे बूट फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बसवतात आणि काही दिवस तसाच ठेवतात. मग कडेने कातड्याची एक अरुंद पट्टी शिवतात, तिला वेल्ट म्हणतात. वरचा भाग त्या पट्टीला शिवलेला, आणि तळ वेगळ्या शिलाईने त्याच पट्टीला शिवलेला. म्हणजे वरचा भाग आणि तळ एकमेकांना थेट जोडलेलेच नाहीत. तळ झिजला की खालची शिलाई उसवायची, तळ काढायचा, नवा शिवायचा; वरच्या कातड्याला धक्का नाही. मधल्या पोकळीत बुचाचा लगदा भरतात. तो महिना-दोन महिन्यांत तुमच्या पावलाच्या आकाराने दबतो, म्हणून दुसऱ्याचे असे बूट घालू नयेत. सगळं मिळून दोनशेवर कामं आणि सुमारे 8 आठवडे.

गंमत म्हणजे या 'अस्सल इंग्लिश' शिलाईचं नाव गुडइयर, आणि ते एका अमेरिकनाचं. रबरवाल्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाच्या नावाने ही शिलाई करणारं यंत्र ओळखलं जातं. आणि त्याच्याही आधी, शिवणयंत्रं पहिल्यांदा आली तेव्हा इथल्या कारागिरांनी संप केले होते. आज त्याच यंत्रांकडे पाहुणे परंपरा म्हणून कौतुकाने बघतात. मीही बघितलं.

घराण्यांचं काय, तर तिथे सरसकट उत्तर नाही. शेजारच्या केटरिंगमध्ये 1880 साली तीन भावांनी सुरू केलेला एक कारखाना अजून त्याच कुटुंबाकडे आहे. त्यांचं आडनाव लोक. ('लोक काय म्हणतील' हा विनोद मी करून झालाय, तुम्ही करू नका.) नॉर्थॅम्प्टनची क्रॉकेट अँड जोन्स ही कंपनी 1879 ची, तीही घरातच राहिली. पण 'चर्चेस' या कंपनीची गोष्ट निराळी. 1873 मध्ये थॉमस चर्च आणि त्याच्या मुलांनी ती उभी केली, आणि 1999 मध्ये ती विकत घेतली कोणी? इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने. हो, तीच प्राडा, जिने 2025 च्या जूनमध्ये मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरली. आपल्याकडे ओरड झाल्यावर मग मान्य केलं. तेव्हा मला गावाकडून धडाधड मेसेज आले, "बघ तुझे युरोपवाले!" मी मनात म्हटलं, माझ्या गल्लीपलीकडच्या कारखान्याचेही मालक तेच आहेत.

पुढचं मला जास्त आवडतं. चर्च कुटुंबातल्या विल्यम आणि जोनाथन या दोन चुलतभावांनी 2009 मध्ये जवळच्या डेझबरोमधला 'चीनी' नावाच्या बूट कंपनीचा कारखाना घेतला. 1886 चा तो कारखाना आधी चर्चेसच्याच मालकीचा होता. म्हणजे घराण्याचं नाव इटालियन कंपनीकडे, आणि घराण्यातली माणसं दुसऱ्याच्या नावाने बूट शिवतायत. तर मग 'चर्च कुटुंबाचे बूट' कोणते? दुकानातल्या पाटीवरून हे कळत नाही. दोन्ही बूट चांगले आहेत हे मात्र खरं. घराणं म्हणजे आडनाव नव्हे, जुन्या फर्म्यांची रास आणि त्या फर्म्यांवर काम करू शकणारे हात, असं माझं मत होत चाललंय. विकताना नाव जातं; हात गेले तर परत विकत घेता येत नाहीत.

बरं, घ्यावेत का? सगळ्यांनी नाही. चांगला जोड तीनशे पौंडांपासून पुढे सुरू होतो, आणि कारखान्याकडून तळ बदलून घ्यायला शंभरच्या वर लागतात. तुम्ही तळ बदलून घेणाऱ्यांतले नसाल तर हे पैसे फुकट. पुण्या-मुंबईच्या पावसात कातडी तळाचे बूट म्हणजे निव्वळ हौस. घ्यायचेच तर रबरी तळाचे घ्या. मी पहिला जोड भिजवून हीटरला टेकवून वाळवला. सकाळी तळाला नखभर चीर. दोष सर्वस्वी माझा. कारखान्यांच्या आवारातल्या दुकानात बारीक डाग असलेले 'सेकंड्स' बऱ्याच स्वस्तात मिळतात, माझे दोन्ही जोड तिथलेच. आपल्या बुटांवरचा 8 नंबर हा त्यांचाच 8, जवाच्या दाण्यावरून आलेलं माप, एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. पण रुंदी बघा. ती अक्षरांनी लिहितात; काही कारखान्यांत सर्वसाधारण रुंदी ई असते, एफ त्याहून रुंद. लहानपणभर चपलेत आणि अनवाणी वाढलेल्या माझ्या पायांना एफ लागला. आणि जुन्या घराण्याचं नाव असूनही काही स्वस्त जोड भारतातच बनून आलेले असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त किंमत देताना माहीत असावं.

मागच्या डिसेंबरात येताना टाचेचा एक थर सुटला, म्हणून एसटी स्टँडजवळच्या मामांकडे बूट घेऊन गेलो. माझ्या शाळेच्या बुटांपासून ते तिथंच बसतात. त्यांनी बूट उलटा केला, वेल्टच्या कडेने अंगठ्याचं नख फिरवलं आणि टाके मोजल्यासारखं काहीतरी पुटपुटले. मग आत डोकावले. आत अस्तरावर शाईने हाताने लिहिलेली एक ओळ असते, नंबर, रुंदी, फर्म्याचा क्रमांक.

"हे कुणीतरी बसून लिहिलंय," मामा म्हणाले.

"हो, प्रत्येक जोडावर लिहितात."

"आणि हे सगळं उसवून परत शिवता येतंय की."

"येतंय."

"कितीला घेतले?"

मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी मामांनी बूट खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, आणि मग परत उचलला.